तिसरी टाळी

पाटीवरची ती ओळ वाचली आणि भरमाअण्णांच्या तोंडातला पोह्यांचा घास तोंडातच फिरू लागला... गिळवेना आणि थुंकवेना!

'आता गंमत येणार. मध्येच एक गावंढळ माणूस टाळ्या वाजवतो. आजोबा सांगतायत.'

अक्षर आरोहीचं होतं. टपोरं, सरळ, प्रत्येक काना शिपायासारखा ताठ उभा! भावाच्या या नऊ वर्षांच्या नातीला हे अक्षर भरमाअण्णांनीच वळवून दिलं होतं, तिच्या इंग्रजी शाळेतला अभ्यास आटोपल्यावर रोज संध्याकाळी, हाताला हात धरून. आणि आज त्याच अक्षरात आपल्याला हे वाचावं लागतंय... पण पोरीचा बिचारीचा काय दोष? तिला जे ऐकू आलं ते तिनं लिहिलं. बहिऱ्या मोठ्या आजोबांचे कान व्हायचं, एवढंच तिला माहीत होतं.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या हरिभाऊंच्या बंगल्यात दर रविवारी अकरा वाजता ही बैठक भरत असे. देशोदेशींच्या नभोवाणी केंद्रांनी जपून ठेवलेल्या थोर वाद्यवृंदांच्या जुन्या मैफली आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. हरिभाऊ आपला फोन मोठ्या स्पीकरला जोडत, आज व्हिएन्ना, पुढच्या रविवारी लंडन असं जाहीर करत आणि जमलेल्या वकील-प्राध्यापकांना त्यातली खुबी समजावून सांगत. आजची मैफल तर खास होती! चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या सभागृहातून थेट प्रसारित झालेली, आणि त्या वाद्यवृंदात खुद्द हरिभाऊ व्हायोलिन वाजवत होते.

त्यांचे थोरले भाऊ भरमाअण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पत्नी जयाबाई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते उचगावहून इथं राहायला आले. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही, म्हणून पाहुणे आले की हरिभाऊ ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावत. अण्णाही गप्प बसत. आज मात्र ते एक आशा धरून बसले होते. ती टाळी त्या ध्वनिमुद्रणात असणार, हे त्यांना ठाऊक होतं. ती वाजेल, तेव्हा हरबा, आपला हा धाकटा भाऊ, काय म्हणेल? चाळीस वर्षं झाली, आता नावलौकिक झाला, केस पिकले... आज तरी तो म्हणेल, की तो माझा अण्णा होता!

आणि पाटीवर आलं होतं, 'गावंढळ'.

अण्णांनी समोर पाहिलं. मारुतीराव वकील पोहे चावता चावता हसत होते, त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला खोबऱ्याचा कीस चिकटला होता. आणि हरिभाऊ... पांढराशुभ्र झब्बा, नवी कवळी, हसताना मागे टाकलेली मान! अण्णांनी त्या चकचकीत कवळीवरून नजर काढली. शिसारी! सख्ख्या भावाच्या हसण्याची शिसारी यावी, आणि आपण त्याच्याच ताटातले पोहे खात बसावं, याची त्याहून मोठी शिसारी!

कान दोघांनाही चांगला होता. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे होते. ते उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत लागले आणि वर्षभरातच त्यांच्या हाती ठोकून बघायची हातोडी आली. ओतून थंड झालेला लोखंडी भाग टांगायचा आणि हातोडीनं दोन ठोके द्यायचे. थांबून ऐकायचं. घंटेसारखा टण्णकन् बोलला तर अस्सल, मग पसंतीचा तिसरा ठोका. बद्द वाजला तर आत कुठंतरी भेग आहे, पुन्हा भट्टीत टाका! डोळ्यांना न दिसणारी भेग भरमाला ऐकू येते, असं कामगार म्हणत.

हरबाचा कान त्याच्या गुरुजींनी ओळखला. "भरमा, या पोराला व्हायोलिन शिकायला मुंबईला धाड," ते म्हणाले. तेव्हा अण्णांनी आपणहून घासकामाच्या खात्यात बदली मागितली. तिथं पगार जास्त होता. तिथं दिवसभर दगडी चाकांवर लोखंड किंचाळायचं.

"अरे, येडा का खुळा तू?" जुना मुकादम म्हणाला होता. "सोन्यासारखा कान हाय तुजा. धा-पंधरा वर्सात दगड हुशील, दगड!"

"हरबाचा ऱ्हातोय न्हवं? बास झालं की!" अण्णा हसून म्हणाले होते.

आणि मग ती मैफल. रात्रभर बसचा प्रवास, धुऊन इस्त्री केलेला सदरा, डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर बेळगावी कुंद्याचा डबा... एवढी वाद्यं एकदम वाजताना अण्णांनी कधी ऐकली नव्हती. त्यांची नजर दुसऱ्या रांगेतल्या हरबावरून हलत नव्हती. सिंफनीचा दुसरा भाग हळूहळू विझत गेला, संपला. आणि सभागृहात चिडीचूप! एक माणूस हलेना. अण्णांना दरदरून घाम फुटला. माझ्या पोरानं एवढं जीव ओतून वाजवलं आणि या शहरातल्या लोकांना त्याची काहीच किंमत नाही? कुणीच वाहवा करत नाही? पोराला काय वाटत असेल! चारही भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नसते, हा तिथला रिवाज त्यांना कुणी सांगितला होता? उचगावच्या भजनात तर जिथं काळजाला भिडलं तिथं दाद. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या दिल्या. हाताला जी सवय होती तशाच... दोन जोडून, मग क्षणभर थांबून तिसरी. अस्सल!

वाद्यवृंदाच्या संचालकांनी मान वळवून पाहिलं. सभागृहात खसखस पिकली. हरबानं मान खाली घातली.

नंतर मागच्या बोळात एका वादकानं विचारलं होतं, "हरी, तो टोपीवाला तुझ्या गावचा आहे का रे? तुझ्याकडंच बघतोय."

"छे! मी ओळखत नाही."

चार हातांवर अण्णा उभे होते. तेव्हा त्यांना उत्तम ऐकू येत होतं. त्यांनी डबा तिथल्याच खिडकीत ठेवला आणि बस धरली. त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही, जयाबाईंजवळसुद्धा...

दिवाणखान्यात आता सगळे श्वास रोखून बसले होते. दुसरा भाग संपला असावा. हरिभाऊंनी मिस्कीलपणे बोट वर केलं... आणि पुढच्या क्षणी सगळे खो-खो हसले. मारुतीरावांना तर ठसका लागला.

आरोही हसली नाही.

ती कपाळाला आठी घालून स्पीकरकडं बघत होती. मग टुणकन् उठून तिनं फोनवरचं ध्वनिमुद्रण मागं सरकवलं आणि पुन्हा ऐकलं. दोन... थांबून... एक. रोज संध्याकाळी तिचं व्हायोलिन वाजवून झालं, की मोठे आजोबा तिच्या बोटांकडं बघत अशाच टाळ्या देत. चूक झालेली त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळे, आणि मग तिसरी टाळी ते राखून ठेवत. स्वयंपाकघरातली पातेली ठोकून 'ही अस्सल, ही बद्द' असं ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"आजोबा, हे तर आपले मोठे आजोबा!" ती ओरडली. "ही त्यांचीच टाळी आहे!"

हसू थांबलं. मारुतीराव रुमालानं ओठ पुसत म्हणाले, "काय हो हरिभाऊ? कोण होता मग तो?"

हरिभाऊंचा चेहरा उतरला. त्यांची नजर दाराकडं गेली, तिथल्या खुर्चीवर क्षणभर टेकली आणि भाजल्यासारखी मागं फिरली. "छे, छे! पोरीचं काहीतरीच. असेल कुणीतरी... मी ओळखत नाही त्याला."

आरोहीनं पाटी पुसली. नेहमीच्या इमानानं, एकही काना न चुकवता तिनं लिहिलं आणि मोठ्या आजोबांसमोर धरलं.

'आजोबा म्हणाले, मी ओळखत नाही त्याला.'

अण्णांनी ते वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी ताटली खाली ठेवली आणि ते उठले.

"हरबा!" त्यांचा तो बेसुमार मोठा आवाज घरभर घुमला. "त्या टायमाला बी ह्येच म्हणालतास. तवा मला ऐकू आलतं, आज वाचाय मिळालं! लई चांगलं झालं. टाळी चुकली माजी, व्हय, चुकली! मला कुणी शिकवलं न्हवतं. पर तुला तर एवढं शिकवलं रं... त्यात भाऊ वळखायला कुणी शिकवलं न्हाय व्हय? शिसारी आली मला. तुजी न्हाय, माजीच! ह्येच्यापायी मी कान घालवलं!"

ते आपल्या खोलीत गेले, दोन धोतरं आणि जयाबाईंचा फोटो पिशवीत घातला आणि फाटक उघडून चालते झाले.

त्यामुळं मागं जे घडलं ते त्यांना ऐकू आलं नाही. ज्या शब्दांची त्यांनी चाळीस वर्षं वाट पाहिली, ते शब्द त्यांच्या पाठीमागं उच्चारले गेले आणि ते आपले उन्हातून ताडताड चालत राहिले!

"मी ओळखतो त्याला..." हरिभाऊ खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले होते. "मारुतीराव, तो माझा अण्णा होता. कुंदा घेऊन आला होता माझ्यासाठी... आणि अजून सांगू? त्यानं खिडकीत ठेवलेला तो डबा मी उचलला. कुणीतरी विसरून गेलंय असं सांगून सगळ्यांना वाटला. आणि मीही खाल्ला हो! मिटक्या मारत खाल्ला! आजतागायत गोड तोंडात घेतलं की मला मळमळून येतं. घरात सगळ्यांना सांगितलंय, मला साखरेचं पथ्य आहे म्हणून... थू!"

त्यांची पत्नी बेबी हातातली चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली. पस्तीस वर्षं ती नवऱ्याला बिनसाखरेचा चहा करून देत होती.

कोपऱ्यावरच्या थांब्यावर अण्णा उचगावच्या बसची वाट बघत उभे होते. आरोही धावत आली, तिच्या हातात पाटी. मागून धापा टाकत, अनवाणी, हरिभाऊ. तापलेल्या डांबरावर त्यांचे मऊ तळवे पोळत होते.

"आण्णा, नगं जाऊस!" मुंबईला गेल्यापासून हरिभाऊंच्या तोंडी न आलेली उचगावची बोली एकाएकी वर उसळून आली. "आण्णा, मी लई वंगाळ माणूस हाय रं... तुजा कुंदा खाल्ला मी आन् तुला वळखलं न्हाय!"

अण्णांना फक्त हलणारे ओठ दिसत होते. आरोही रस्त्याकडेला बसून लिहू लागली. लिहायची, दाखवायची, पुसायची, पुन्हा लिहायची. पाटी लहान पडत होती. शेवटी हरिभाऊंनी ती तिच्या हातातून घेतली आणि घाईघाईनं वेडंवाकडं लिहिलं, 'तुझे कान माझ्यापायी गेले. मला म्हाईत होतं. वय झालं म्हणून गेले, असं मी लोकास्नी सांगत आलो.'

ते वाचून अण्णांनी डोळे मिटले. बस आली, थांबली, कंडक्टरनं हाक मारली... आणि बस गेली.

"सरळ हुबा ऱ्हा," अण्णा म्हणाले.

त्यांनी मूठ वळली आणि पेराच्या हाडानं हरिभाऊंच्या छातीवर दोन ठोके दिले. टक्, टक्. मग सवयीनं ते थांबले, मान कलती करून ऐकू लागले... आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला काहीच ऐकू येणार नाही! त्यांचे डोळे भरून आले.

"आरू, कान लाव बाळ. कसं वाजतंय? आजा हाय म्हणून पदरचं सांगू नगंस."

आरोहीनं आजोबांच्या घामानं ओल्या झब्ब्याला कान लावला. पातेली ठोकताना ऐकायची तशी ती मन लावून ऐकत राहिली. मग तिनं लिहिलं, 'नुसतं धडधडतंय. भेग आहे का नाही, कळत नाही.'

पोरगी खोटं बोलली नव्हती. अण्णांच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी हललं.

"धडधडतंय न्हवं? म्हंजी अजून गार झाल्यालं न्हाय. गार झाल्याबिगर ठोका द्यायचा नसतोय. चुकलंच माजं," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवी उचलून आरोहीच्या हाती दिली. "हरबा, शिसारी गेल्याली न्हाय माजी. ती जाईल तवा जाईल. पाय पोळाल्यात तुजं, सावलीतनं चल."

फाटकाशी सगळे पाहुणे येऊन उभे होते. घरातल्या स्पीकरवर सिंफनीचा शेवट झाला होता आणि चाळीस वर्षांपूर्वीचं ते अख्खं सभागृह टाळ्यांचा नुसता वर्षाव करत होतं. हरिभाऊ थांबले. त्यांनी अण्णांचा खांदा धरला, त्यांना आपल्याकडं वळवलं, आणि ओठ वाचता यावेत म्हणून एकेक शब्द सुटा सुटा करून सगळ्यांदेखत म्हणाले,

"हा... माझा... अण्णा."

अण्णांनी ते ओठांवरून वाचलं. पाटीची गरज पडली नाही. मग त्यांची मूठ सावकाश वर आली आणि हरिभाऊंच्या छातीवर तिसरा ठोका पडला.