काचेआडची खूण

पोलादपुरात लाईट गेली होती. मुंबईहून आलेले अक्षय आणि समीक्षा मोबाईलची चार्जिंग वाचवत ओटीवर बसले होते. सुहासकाकांनी कंदिलाची काच पुसली, वात खाली केली आणि भिंतीला टेकून बसले.

"काका, भुताची सांगा ना," समीक्षा म्हणाली.

"भुताची मला येत नाही गो. झालेली सांगतो. वरच्या आळीतल्या प्रवीणची. तो मालवणला स्कुबा शिकवतो ना, त्याची."

आणि काका सांगू लागले.

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की प्रवीण घरी यायचा आणि गणपती होईपर्यंत इथंच राहायचा. त्या सकाळी तो पडवीत बसून श्वासाच्या नळ्या धूत होता, रबरी रिंगांना ग्रीस लावत होता. आतून आई बोलत होती, "चाळिशी उलटली. त्या नळ्यांशीच लगीन लाव आता!" तो हसला. तेवढ्यात फोन वाजला. महाडच्या बचाव पथकातला पोरगा होता.

"सर, दीप्ती मॅडम गेल्या."

"कुठं?" प्रवीणनं विचारलं.

पलीकडचा पोरगा काही बोलेना. तेव्हा त्याला कळलं.

नदीचं पाणी शाळेत शिरलं होतं. ते ओसरल्यावर दीप्ती वर्गातला चिखल काढायला उतरली. पायाला जखम होती. लेप्टोचा ताप आला, कावीळ झाली, आणि संपलंच. ते तीन-चार दिवस प्रवीण पथकाबरोबर आंबेनळी घाटात दरड उपसत होता, फोनला रेंज नव्हती. फोन येण्याच्या आदल्या रात्री तो खाली उतरला, तोवर महाडात सगळं उरकलं होतं.

ही दीप्ती शाळेत गणित शिकवायची. महापुरानंतर महाडकरांनी पथक उभं केलं आणि पाण्यात उतरायचं शिकवायला प्रवीणला बोलावलं, तेव्हा शिकणाऱ्यांत बाई ही एकटीच. हिचंही लग्न झालेलं नव्हतं. पुढं सुट्टी लागली की ती मालवणला जायची. पाण्याखाली कुणी एकट्यानं उतरत नाही. बैलाला जोडी लागते तशी यांनाही लागते, त्याला हे लोक बडी म्हणतात. दीप्तीचा बडी कायम प्रवीण.

आता एक ऐकून ठेवा. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांवर चालतं. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की ओके. दोन्ही हातांची पहिली बोटं शेजारी शेजारी धरली की जोडीनं राहा. रात्री हात दिसत नाहीत, म्हणून बॅटरीनं मोठा गोल फिरवायचा, तो ओके. ओके म्हणजे नुसतं ठीक नव्हे. तो प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर ओकेच द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर समजायचं, माणूस अडचणीत आहे. मग त्याच्याकडं जायचं.

अक्षयनं अंधाराकडं बोटांचा गोल करून दाखवला. "असा?"

"हात खाली घे," काका म्हणाले.

तर, दीप्ती मालवणला जाताना तांदळाच्या भाकऱ्या न्यायची. दोघांपुरत्या. प्रवीण त्या होडीवरच्या पोरांत वाटून टाकायचा. त्याच्या मास्कची काच तीच धुऊन ठेवायची. त्याला वाटायचं, बाई शिस्तीची आहे. एकदा होडीत ती म्हणाली, "सर, पाण्याखाली तुम्हाला माझा श्वाससुद्धा कळतो. वर आल्यावर काहीच कसं कळत नाही हो?" हा म्हणाला, "वर लाटांचा आवाज असतो ना." सगळी होडी हसली. तीही हसली.

मे महिन्यात हंगाम संपला. दोघं एकाच एष्टीनं निघाले. पोलादपूर आधी येतं. प्रवीण उतरला, पिशव्या घेऊन फलाटावर उभा राहिला. तिला महाडला जायचं होतं. खिडकीची काच अडकलेली, सरकेना. इंजिनाचा धडधडाट. ती आतून काहीतरी बोलली, याला ऐकू आलं नाही. तेव्हा तिनं काचेवर दोन बोटं शेजारी शेजारी धरली. मग त्याच्याकडं बोट दाखवलं. मग स्वतःकडं.

प्रवीणला वाटलं, पुढच्या हंगामाचं विचारते. त्यानं ओके केलं.

तिनं कपाळ काचेला टेकवलं. गाडी हलली.

एवढंच झालं होतं.

दीप्तीचा जलदानविधी गेल्या सालच्या आषाढ अमावस्येला झाला. गुरुवार होता. प्रवीण सकाळी पाण्यात गेलेल्या एका गाडीच्या शोधात अडकला, विधीला पोचला नाही. संध्याकाळी तिच्या आईचा, प्रयागबाईंचा, फोन आला. "तुझी बॅटरी हाय आमच्याकडं, घेऊन जा." म्हणून तो मोटारसायकल काढून महाडला गेला.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. ये, बस."

तथागतांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती होती, शेजारी दीप्तीचा फोटो. प्रयागबाईंनी चहा दिला आणि बॅटरी त्याच्या हातात ठेवली. पाण्याखालची, पिवळी, जाड काचेची. त्यानंच मे महिन्यात तिला वापरायला दिली होती.

"पेटत नाय ती. सेल गेलेत. मी बोलायची, अगो पाठवून दे. तर बोलायची, तो आला की देईन." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "एक विचारू? राग नको मानूस."

"विचारा ना."

"तू येणार होतास ना रे?"

"कुठं?"

"मागणी घालायला." त्यांचा आवाज खाली आला. "बाय सांगत आली, आई, मी एष्टीतनं विचारलं त्याला, त्यानं व्हय केलं. मी बोलली, मग फोन कर की. तर नाय. बोलली, विचारायचं ते मी विचारलंय, आता यायचं त्यानं. दाराशी गाडी वाजली की उठून बघायची. तापात पण..."

प्रवीणनं बशी खाली ठेवली. मावशी, मला वाटलं ती हंगामाचं विचारते... हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलं. पण समोरच्या तोंडाकडं बघून ते बाहेर काढवेना.

"येणार होतो, मावशी," तो म्हणाला.

प्रयागबाईंनी मान हलवली. मग पोटभर रडल्या.

तो निघाला तेव्हा साडेदहा वाजले होते. अमावस्या, त्यात गटारी. हायवेवर गाड्या नागमोडी चाललेल्या. त्या रात्री त्या रस्त्यावर शुद्धीत असलेला हा एकटाच असेल. म्हणून त्यानं नदीकडंचा गावातला रस्ता धरला. पाऊस थांबला होता. वारा नव्हता. बेडूक तेवढे ओरडत होते.

वाटेत एक डोह लागतो. पथकाची पोरं उन्हाळ्यात तिथंच शिकली. दीप्तीही. प्रवीणनं तिथं गाडी का थांबवली, ते त्यालाही सांगता येत नाही. थांबवली. इंजिन बंद केलं. दिवा विझला.

आणि त्याच्या लक्षात आलं, बेडूक गप्प झालेत.

सावित्री नदीला पूर होता. पाणी चहासारखं गढूळ. तसल्या पाण्यात स्वतःचा पंजा दिसत नाही. कुणी उतरेल ही गोष्टच सोडा.

पाण्याखाली उजेड होता.

आधी त्याला वाटलं, आभाळातलं काही. पण आभाळ काळं होतं. उजेड खाली होता. हिरवट. एका जागी. एवढ्या ओढीत ओंडका टिकत नाही, आणि तो एका जागी होता.

मग तो फिरला.

सावकाश. मोठा गोल.

ओके?

प्रवीणच्या हातात बॅटरी होती. पिशवीतून कधी काढली, ठाऊक नाही. ती पेटत नव्हती, पण हात तर होता. हातानं गोल करता आला असता. इतकी वर्षं ती खूण दिसली की त्याचा हात आपोआप उठायचा.

उठला नाही.

एकदा त्यानं न समजता हो म्हटलं होतं. आता समजत होतं. आता हो म्हणायचं म्हणजे... कशाला हो? आणि नाही म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं?

उजेड पुन्हा फिरला. गोल.

थांबला. वाट बघत राहिला.

"दीप्ती..." त्याच्या तोंडून निघालं.

काही नाही. पाण्याचा आवाज.

उत्तर आलं नाही की काय करायचं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. याच डोहात.

उजेड हलला.

प्रवाहाच्या आडवा. काठाकडं. त्याच्याकडं.

उजेड जवळ आला. आणखी जवळ. त्याच्या पायाखालच्या दगडाशी आला... आणि तिथं राहिला.

किती वेळ, कुणास ठाऊक.

मग विझला.

बेडूक एकदम ओरडायला लागले.

काका थांबले. समीक्षानं कंदिलाची वात न विचारताच वर केली.

"मग?" अक्षयनं हळूच विचारलं.

"मग घरी आला. मी इथंच बसलो होतो. गाडी लावून माझ्यापाशी येऊन बसला आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, पोरा, दुःख झालंय, डोळ्याला दिसतं असं. त्यानं बॅटरी या कंदिलाजवळ धरली."

"पेटली?"

"नाही रे. तिच्या तोंडाशी रबरी रिंग असते. घट्ट. आत पाण्याचा थेंब जात नाही, वाफ जात नाही. ती मे महिन्यापासून उघडलेली नव्हती. काच आतून धुरकटली होती. आणि त्या वाफेवर, आतल्या बाजूनं, दोन रेघा होत्या. बोटं टेकवल्यासारख्या. शेजारी शेजारी."

खालच्या रस्त्यानं एक ट्रक गेला.

"आत्ता कुठं आहे ती बॅटरी?" अक्षय म्हणाला.

"त्याच्याकडंच. मालवणला. रेघा अजून आहेत म्हणतो. लोक म्हणतात उघडून बघ, सेल बदल. तो उघडत नाही. यंदा मे महिन्यात येताना त्याच डोहाशी थांबला होता. पाणी नितळ होतं, तळ दिसत होता. बराच वेळ बसला."

"आणि?" समीक्षानं विचारलं.

काकांनी कंदील उचलला.

"आणि काय. उत्तर द्यायला हात वर करायचा होता, तो त्यानं केला नाही."