गर्भकुलूप

"ओटी नक्की कुणाची भरायची गं? पोट तर कुमुदचंच पुढे आलंय!"

शलाकाच्या डोहाळजेवणात वसूमावशी भर बायकांत असं म्हणाली, तेव्हा सगळ्या खो खो हसल्या. फुलांचे दागिने सावरत शलाकाही हसली. नंतर मावशीने तिला बाजूला घेऊन सांगितलंही, "थट्टा सोड. आईला एकदा दाखवून आण." शलाकाने ते कानाआड केलं. "अगं, वय झालं की सुटतंच पोट," म्हणाली.

मग बाळंतपण आलं आणि आईने, कुमुदने, पदर खोचला. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळाचं न्हाणं. घरातलं सगळं लोह लेकीच्या पोटात गेलं. स्वतः मात्र महिन्यातला निम्मा काळ अंगावरून रक्त जात असताना गडद साड्या नेसून पाटावर बसत होती. लेक माहेरी आहे तोवर आईने आजारी पडायचं नसतं, असा त्या घरचा कायदाच. चिऊ सात महिन्यांची झाली आणि एका सकाळी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना कुमुद भिंतीला टेकली ती टेकलीच. शुद्ध गेली, तरी दोन्ही पाय जुळलेले होते. चिऊ त्यांवर सुखाने पाणी उडवत होती.

मिरजेच्या रक्तरोध केंद्रातल्या पडद्यावर आता कुमुदच्या पोटातली गाठ संथ फिरत होती.

"शहाळ्याएवढी आहे," डॉ. रेहाना पठाण म्हणाल्या. "कर्करोग नाही. गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ आहे. पण रक्त इतकं उतरलंय आणि हृदय इतकं थकलंय, की भूल देऊन पोट उघडायचं धाडस मी करणार नाही. दुर्बिणीतूनही नाही."

"मग काय करायचं?" शलाकाने चिऊला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"गाठीला उपाशी ठेवायचं."

पुढचं समजावलं ते डॉ. आवटींनी. रक्ताची वाट अडवणारे निरोधकण त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाले होते. मनगटातून केसाएवढी नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि कण सोडायचे. "प्रत्येक कणाला नाक आहे असं समजा. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीचा वास आला की तो तिथे फुगून बसतो. रेशन बंद! गाठ आपोआप सुकत जाते."

"आणि पोटात गर्भ असेल तर?" शलाकाने विचारलं. " त्यालाही रक्त लागतं. कण त्यालाही गाठ समजतील."

आवटींचा चेहरा खुलला. "म्हणूनच गर्भकुलूप आहे. आईच्या प्रत्येक पेशीवर तिची अनुवंशखूण असते. गर्भाच्या पेशीवरची खूण निराळी, निम्मी बापाची. अशी निराळी खूण भेटली की कण मिटून घेतात. आणि हे कुलूप मलाही तोडता येत नाही. डॉक्टरला तोडता येणारं कुलूप असतं, तर बायकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला असता?"

उपचाराच्या वेळी कुमुद पूर्ण जागी होती. "चिऊला पेज भरवलीस का?" असं तिने काचेपलीकडच्या शलाकाला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारणार, तोच पडद्यावरचे कण मिटले. कुलूप लागलं होतं.

"काय म्हणतंय यंत्र?" कुमुदने विचारलं.

रेहाना घुटमळल्या. "गर्भ आहे म्हणतंय."

कुमुदने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अहो, ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सांगा जरा त्या यंत्राला."

रेहानांना हसू आवरेना. त्यांनी तोंड फिरवलं. सोनोग्राफीत गर्भाचा मागमूस नव्हता. पण गाठीच्या वाहिन्यांच्या अस्तरात निराळ्या खुणेच्या पेशी होत्या, अगदी दाट.

"बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात," आवटी म्हणाले. "नाळ कापली तरी त्या राहतात. वर्षानुवर्षं. कुलपाला वाटतंय, आत बाळ आहे. हे बाळ कधीच जन्माला आलंय, एवढं त्याला पटवायचं. त्यासाठी त्याच खुणेची पेशी आईच्या शरीराबाहेरून आणावी लागेल. ती झाली किल्ली."

शलाकाने बाही वर केली. "घ्या. मी एकटीच आहे तिची. इतकी वर्षं बिनभाड्याची राहतेय म्हणजे!"

"भाडं कसलं," आतून आवाज आला, "मीच खाऊ घालतेय."

तासाभराने आवटी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओढलेला होता. "या पेशी तुमच्या नाहीत. पुरुषाच्या आहेत."

शलाकाने आईकडे पाहिलं. कुमुद छताकडे पाहत होती.

"तुझ्याआधी एक होता," ती अखेर म्हणाली. "आठव्यातच आला. दोन दिवस होता. बारसंच झालं नाही, तर नाव कुठलं असणार? तुझे बाबा म्हणाले, आता विषय नको. नाही काढला." जरा थांबून तिने विचारलं, "तो अजून आहे होय?" आणि वर्षभर पदराआड लपवलेल्या त्या पोटावर, मूल झोपलंय अशा बेताने, हात ठेवला.

"मग राहू द्या, डॉक्टर. एकदा माझ्या हातून गेलाय. आता त्याला उपाशी नाही ठेवायची मी."

"आई, असं चाललं तर तूच राहणार नाहीस! मग तो कुठे राहणार?"

कुमुदने कूस वळवली.

"सध्या वाद घालून उपयोग नाही," रेहाना हळूच म्हणाल्या. "त्यांनी हो म्हटलं तरी किल्ली आणायची कुठून? ते बाळच नाही."

शलाका बाहेरच्या बाकावर चिऊला पाजत बसली. तिच्या स्वभावाला स्वस्थता ठाऊक नव्हती. बाळ शिंकलं तरी ती दहा कारणं काढायची. आज मात्र ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उलटीपालटी करत होती. आईच्या अंगात जे जातं ते बाळाच्या अंगात जातं, म्हणून तर पथ्य पाळायचं.

ती उठून आवटींच्या खोलीत गेली. ते चहात बिस्कीट बुडवत होते.

"सर, आईच्याही पेशी बाळात जातात का?"

"जातात ना. थोड्या, पण जातात."

"फक्त आईच्याच? की तिच्या रक्तात जे कोणी फिरत असेल, तेही?"

बिस्कीट चहात पडलं. आवटींचं तिकडे लक्षच नव्हतं.

शलाकाचं रक्त पुन्हा घेतलं, या वेळी खूप. लाखो पेशींत एखादीच असणार होती, म्हणून आदल्या तपासणीत ती दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. पुरुषपेशी, आणि खूण तंतोतंत गाठीतल्या पेशींची.

"कुलूप हे मानेल?" शलाकाने विचारलं.

"मानावंच लागेल. तुम्ही आईच्या पोटातून सव्वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलात. तो आईच्या रक्तातून तुमच्यात आलाय, म्हणजे तुमच्याही आधीचा आहे. आज आईच्या पोटात असलेला गर्भ तो असूच शकत नाही."

कुमुदला पडद्यावर ती पेशी दाखवली. तिने लेकीचा हात ओढून घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवली. "इथे आहे?"

"कुठेतरी आहे. फिरत असेल."

"तरीच लहानपणी दोघांचं जेवायचीस!" म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. "गाठीतला जाईल, पण हिच्यातला राहील ना, डॉक्टर?"

"राहील."

"आणि ही?" तिने चिऊकडे बोट केलं. "ही हिच्या पोटातून आलीय."

आवटींनी चष्मा काढला. "खात्री नाही देत. पण वाट तीच आहे."

कुमुदने नातीची हनुवटी धरली. "काय गं चिऊबाई, मामाला घेऊन हिंडतेस होय?" आणि मग रेहानांपुढे मनगट धरत म्हणाली, "चला, घाला तुमची नळी."

या वेळी कण मिटले नाहीत. वाहिन्या एकेक करून शांत झाल्या.

गाठ आता मोसंबीएवढी उरलीय आणि कुमुद जिना न थांबता चढते. शलाका मात्र भेटेल त्याला एकच विचारते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच विचारणं आहे. तुमच्या घरी बाळंतीण असेल, तर तिचं करणारी कोण आहे? आज तिला खिडकीशी बसवा आणि तिची खालची पापणी हलकेच ओढून बघा. आतून लाल आहे, की रक्त उतरल्यासारखी पांढरी? "मला काय धाड भरलीय!" असं ती म्हणेलच. तरी बघा.