पुढे गेलेल्याचं पाणी

भावसिंग धर्मशाळेच्या पायऱ्या चढला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. पण यवतमाळकडच्या वैशाखात नऊ म्हणजे दुपारच. रात्री गारव्यात चालायचं आणि ऊन तापलं की एखादी धर्मशाळा गाठून पडायचं, हा खिशात दमडी नसलेल्या पोरांचा प्रवास. अंथरूण आपलं, चूल आपली, वर कोणाचे उपकार नाहीत. वारा कुठल्या कोपऱ्यात येतो आणि ढेकूण कुठल्या भिंतीत राहतात, हे विशीतल्या भावसिंगला महागावपासून झरीपर्यंत तोंडपाठ होतं.

घाटंजीच्या पुढच्या या धर्मशाळेचा नियम एकच होता. निघताना ओट्यावरचा रांजण मागून येणाऱ्यासाठी भरून जायचं.

भावसिंगच्या बंजारा तांड्याला हे शिकवायची गरज नव्हती. आजोबांच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून तांडा निघे, तेव्हा एक गडी पुढे जाऊन पाण्याची सोय बघून ठेवी. मागचे त्याच्या भरवशावर निर्धास्त चालत. मागच्या वर्षी, एकसष्ट साली, दोघे भाऊ तेंदूपत्ता तोडायला झरीच्या जंगलात निघाले तेही असेच. भावसिंग पुढे, थोरला पूनमसिंग एक दिवस मागे. पूनमसिंग जंगलात पोचला नाही, घरीही परतला नाही. त्यांची याडी, म्हणजे आई मानीबाई, वर्षभर त्याच्या वाटणीची भाकर रोज झाकून ठेवत होती.

भावसिंगनं वाटेवरच्या साऱ्या धर्मशाळा पालथ्या घातल्या. इथे यायचं तेवढं टाळलं. कारण त्या दिवशी विहिरीचं पाणी फार खोल गेलं होतं, हात भरून आले होते, आणि मागच्याचं मागचा बघेल म्हणत तो रांजण रिता ठेवून निघाला होता. हे त्यानं याडीला सांगितलं नव्हतं. वर्षभर त्याला ना रडू आलं, ना धड भूक लागली. भाऊ गेला असेल तर गेला असेल. पण तो या ओट्यावर गेला नसावा, एवढंच ऐकायला तो आला होता.

धर्मशाळा राखणाऱ्या वच्छलाबाईनं कुलूप काढलं. म्हातारी होती, पण खणखणीत होती.

"कुठचे हो बाबू?"

"महागावाकडचा."

"पडा मंग. आठ रोज झाले, कोनी फिरकलं नाही इकडे. जेवनाच्या टायमाले येतो मी."

ती गेली. विचारायचं ते तोंडातच राहिलं. भावसिंग भिंतीला पाठ लावून आडवा झाला.

बाराच्या सुमाराला वारा पडला. झाडावर एक पाखरू बोलेना. तेव्हा विहिरीवरचा रहाट वाजला. दोर सरसरत खाली गेला, खूप वेळ जातच राहिला, मग ओढण्याचा कुरकुर आवाज. ओट्यावर अनवाणी पावलं आली आणि रांजणात पाणी ओतलं गेलं. पुन्हा रहाट. पुन्हा पावलं. ओल्या सुंभाचा वास थेट आत आला. भावसिंग पडून ऐकत होता. भीती वाटायला हवी होती हे त्याला कळत होतं, पण ती वाटत नव्हती. बाहेरचा माणूस दमत चालला होता. प्रत्येक खेपेला त्याचा श्वास अधिक घरघरत होता.

आवाज थांबला तसा तो उठला. ओट्यावर कोणी नव्हतं. रहाटाला दोरच नव्हता. रांजण मात्र काठोकाठ भरला होता.

वच्छलाबाई भाकर-पिठलं घेऊन आली, तेव्हा तो तिथेच उभा होता.

"बाई... रांजण कोन भरते?"

"कोनी नाही भरत. मागच्या वैशाखापासून रिताच होत नाही तो."

"मागच्या वैशाखात... काय झालं?"

"एक पोरगा आलता, तुमच्याच लोकायचा. मी बाजारात गेलती, रहाटाचा दोर माह्या घरात कुलपात. रांजन ठन्न कोरडा. सांजच्याला आली तं इथं पडून. मी म्हटलं, घरून पानी आनतो बाबू. तं म्हने, कायले? माहा भाऊ म्होरं गेला हाय, त्यानं भरून ठेवलं असन. थोडा बसतो अन् पेतो."

"मग?"

"मी पानी घेऊन येईपावतो जीव गेलता त्याचा. मागच्या गावच्या लोकायनं बी पानी देलतं म्हने त्याले. हसून नाही म्हने. भाऊ म्होरं हाय म्हने." तिनं पदरानं डोळे टिपले. "कोन होता असा भाऊ, काय माहीत."

भावसिंग भरल्या रांजणाकडे बघत होता. मी तो भाऊ, एवढे तीन शब्द होते. ते बाहेर पडेनात.

"उनाचे आले तुम्ही. प्या ना, लय थंड हाय." वच्छलाबाईनं आपला लोटा बुडवला, घटाघटा प्यायली आणि त्याच्या हाती दिला.

त्यानं लोटा रांजणात घातला. मनगट बुडालं, कोपर बुडालं. लोटा वर आला तो कोरडा होता. हातही कोरडाच. त्यानं पुन्हा बुडवला. पाण्याचा आवाज झाला, पृष्ठभाग हलला, आणि कोरडा लोटा वर आला.

बाई बघत होती. तिला काय सांगणार? त्यानं रिकामा लोटा तोंडाला लावला आणि घोट घेतल्यासारखा गिळत राहिला. घशात नुसती गरम हवा जात होती.

"सावकाश, बाबू, सावकाश," वच्छलाबाई हसून म्हणाली. "सारं सांडून राह्यलं अंगावर. सदरा पाहा किती भिजला."

भावसिंगनं खाली पाहिलं. सदरा उन्हानं कडक वाळलेला होता.