तिप्पट झालेला आकडा

२०५२ साल. सावरटोल्यात तपासणीची गाडी येऊ लागली, आणि दोन वर्षांत गावातले कॅन्सरचे रुग्ण तिप्पट झाले. आकडा लपलेला नव्हता. तोवर बहुतेक देशांनी रोगांची माहिती लोकांसाठी खुली केली होती आणि चौकातल्या पडद्यावर ती कुणालाही पाहता येई.

"गाडीच रोग आणते," पंप दुरुस्त करणारा गजामामा म्हणाला. "तो निळा दिवा तोंडात धरतात, त्यातच काहीतरी आहे."

त्याच्या भाचीला, वेणूलाही तोच संशय होता. पण मामाच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडला होता. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला, आता तिखट घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी तो गाडीत पाऊल टाकत नव्हता.

वेणू एकटीच गाडीपाशी गेली. दारात निरखी नावाचा यंत्रमानव उभा होता.

"तुम्ही आलात आणि रोगी वाढले. कसे?" तिने विचारलं.

"आम्ही चाळणी तपासणी करतो (त्रास सुरू होण्याआधीच रोग शोधणं). आधी असलेलाच रोग आता सापडतो."

"तू गाडीचाच. तू असंच सांगणार."

"बरोबर आहे," निरखी म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. जिथे आम्ही गेलो नाही, तिथले आकडे बघ."

हाही डाव असेल, असं वेणूला वाटलं. म्हणून गाव तिने स्वतःच निवडलं: नदीपलीकडचं पाथरटोला. वस्ती सावरटोल्याएवढीच, आणि गाडी तिथे कधीच गेली नव्हती. तिथे वर्षभरात तोंडाच्या कॅन्सरचे दोनच रुग्ण सापडले होते. मामाचंच खरं, असं म्हणत तिने पडद्यावरचा शेजारचा रकाना पाहिला आणि ती थबकली. त्याच वर्षी त्याच रोगाने पाच जण दगावले होते.

दोघांनाच रोग झाला, तर पाच जण गेले कसे?

मग तिने दूरच्या एका बेटांच्या देशाचे आकडे उघडले. तपासणी सुरू होताच तिथलेही रुग्ण वाढले होते. पण पुढच्या काही वर्षांत मृत्युदर (दर लाख लोकांमागे वर्षाला होणारे मृत्यू) खाली येत गेला होता. दिवा रोग देत असता, तर मृत्यू वाढायला हवे होते.

मामाला तिने सगळं दाखवलं. तो पडद्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिला.

"हे आकडेही त्यांनीच भरले असतील."

"मामा, पाथरटोल्यात पंप कोण दुरुस्त करतं?"

"मीच."

"मग तूच सांग, तोंडाच्या आजाराने तिथे कोण कोण गेलं?"

मामा नावं आठवू लागला. किसनभाऊ, सायत्राबाई, दुकानवाला भोजराज... पाचवं नाव घेऊन त्याने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. "यांचा रोग कुणी वेळेत पाहिलाच नाही," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गाडीत चढला. निरखीने दिवा उचलताच म्हणाला, "आधी माझ्या हातावर धर. बघू दे." निरखीने धरला. कातडीला काही झालं नाही, तेव्हा मामाने तोंड उघडलं.

चट्टा अजून कॅन्सर झालेला नव्हता, पण पुढे होऊ शकला असता. डॉक्टरांनी तो काढला. खर्रा सोडताना मामाने महिनाभर घर डोक्यावर घेतलं, पण सोडला.

वेणू आता पडद्यावरचा जगाचा नकाशा संशयानेच बघते. त्यातले राखाडी देश (जिथली माहितीच नाही) तिला सर्वांत जास्त खटकतात. परवा त्यातल्या एकावर रंग चढला. आकडा चांगलाच मोठा होता.

"बापरे, तिथे तर फारच रोग," मामा म्हणाला.

"नाही मामा," वेणू हसली. "तिथे तपासणी सुरू झाली."