या काळातला प्रभू

वारंगा फाट्यावर कळमनुरीच्या बसची वाट बघत मी मोबाइलवर सिनेमा पाहत होते. कालप्रवासाच्या मालिकेतला दुसरा भाग. नायक भूतकाळात शिरून स्वतःच्याच समोर उभा राहिला... आणि बॅटरी संपली.

"अहो! बंद काहून केला?"

मी दचकून वळले. मागच्या बाकावरचा तरुण जीभ चावून माझ्याकडे बघत होता.

"चोरून पाहून राहिले होते का?"

"चोरून कशाला? आवाज तुमीच मोठा ठेवला होता."

मला हसू आवरेना. तो प्रभू. हट्ट्याचा, नांदेडला शिकणारा. त्याच्या घरची मेंढरं सध्या कळमनुरीकडे होती, म्हणून तोही त्याच बसमध्ये चढला. आणि वाद पेटला.

"हिरोनं मागं जाऊन हिरोइनीचा अपघात टाळला," मी म्हणाले. "मंग यंत्र बनवायचं कारणच उरत न्हाई. यंत्र न्हाई, तर तिला वाचवलं कुणी?"

"अवं, तिथून दुसरा काळ फुटतो. तिथं ती जिती असते."

"अन् ह्या काळातली? ती तर गेलीच ना!"

प्रभूनं डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "हे... माझ्या ध्यानातच आलं न्हवतं." हरताना इतकं गोड कुणी हसतं?

तिसरा भाग आम्ही नांदेडला पाहिला. मैत्रीण सीमा मधे बसली होती. तिच्या डोक्यावरून आम्ही इतकं भांडलो, की तिनं कानात बोटं घातली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

आणि एक दिवस आबांनी सांगितलं, "रविवारी पाव्हणे येऊन राहिले तुला बघायला."

मी प्रभूला गाठलं. तो खाली बघत राहिला.

"आमी मेंढरंवाले, तुमी शेतीवाले. तुझे आबा ऐकणार न्हाईत, प्रतिक्षा. एखाद्या दुसऱ्या काळात आपलं..."

"दुसऱ्या काळातल्या प्रभूला मी काय करू?" मी विचारलं. "ह्या काळातला काय करणार, ते सांग."

तो चपलेनं माती उकरत राहिला. मी रडतच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात उभा होता! सोबत त्याची आई, सत्यभामाबाई. ओट्यावर न बसताच त्यानं सांगून टाकलं, "आबा, मला प्रतिक्षाशी लगीन करायचंय."

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आमच्या घरात असं कधी झालं न्हाई."

"किसनदादा," सत्यभामाबाई शांतपणे आबांना म्हणाल्या, "खतासाठी आमची मेंढरं तुमी मानानं वावरात बसवता. मंग माझ्या लेकराला ओट्यावर बसवायला काहून तकलीफ?"

आबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा प्रभूकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः उठून सतरंजी झटकली.

"बसा, बाई. तू बी बस, पोरा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझं काय म्हणणं?"

"मला प्रभूच पायजे, आबा!"

आवाज जरा जास्तच चढला. अंगणात हळद शिजवणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. आई पदराआड हसली. प्रभूचे कान लालभडक झाले.

बघू देत. सगळ्या कळमनुरीला ऐकू जाऊ दे!