पंधराशे मीटरवरची चिंच

"डोरे लबाड असतात पोरी. रोज पायलेली चीज ते न पायताच दाखवतात. धुईच्या दिवसात आधी डोरे मिट, वीस मोज, मंग उघड. तरी भरोसा नाही वाटला तं दुसऱ्याले विचार, तुले काय दिसते म्हणून."

वर्षानुवर्षं गच्चीवरून हवामानाच्या नोंदी घेतलेले उदेभानकाका स्वतःच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी धुईबद्दल, म्हणजे धुक्याबद्दल, हे बोलले, तेव्हा चेतना हसली होती. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली, सव्वीस वर्षांची, चष्मा नसलेली मुलगी. "काका, माझी नजर अगदी चांगली आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगून रायलो," काका म्हणाले, आणि धुऊन पुसलेला चहाचा कप त्यांनी खिडकीत पालथा घातला.

गोंदियाजवळच्या त्या धावपट्टीवर चेतना हवामानाच्या नोंदी घ्यायची. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं, चारी दिशांना पाहायचं आणि किती लांबचं दिसतं ते टॉवरला कळवायचं. त्यासाठी खुणा ठरलेल्या होत्या. वारा दाखवणारी पट्ट्यापट्ट्यांची पिशवी चारशे मीटरवर. गावची पाण्याची टाकी आठशेवर. आणि धानाच्या बांध्यांपलीकडे एकटी उभी असलेली जुनी, घेरदार चिंच पंधराशेवर.

त्या चिंचेवर बरंच काही अवलंबून होतं. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं डोळ्यांच्या भरवशावर उडतात, त्यांना पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. धुक्यात तेवढं दिसलं नाही तर एकच वाट उरते, स्पेशल व्हीएफआर. वैमानिकाने खास परवानगी मागायची. निदान पंधराशे मीटर दिसत असेल, म्हणजे चिंच दिसत असेल, तर टॉवर एका वेळी एकाच विमानाला सोडतो. चिंच नाही, तर उड्डाण नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. काकांचा मान म्हणून चेतना अजून डोळे मिटून मोजत होती. चौदापर्यंत आली, तेवढ्यात लोखंडी जिन्यावरून आवाज आला.

"मॅडम, उभ्या उभ्या झोपून राहिल्या का?"

तिने डोळे उघडले. कानाला भाजीवाल्यासारखा मफलर गुंडाळलेला एक तरुण शेवटच्या पायरीवर उभा होता. हातात हेल्मेटसारखं काहीतरी असेल असं वाटलं, पण तो स्टीलचा डबा निघाला.

"चौदा," ती म्हणाली.

"काय चौदा?"

"मोजत होते. तुम्ही मोडलंत."

"मग पुढचं मी मोजतो. मिटा डोळे. पंधरा... सोळा..." आणि त्याने खरंच वीसपर्यंत मोजलं, हळू, प्रत्येक आकड्याला वाफ सोडत. तिने डोळे उघडले तेव्हा चिंच दिसत होती. आणि तोही.

धनेंद्र बिसेन. गोंदियाचाच. इथेच उडायला शिकला आणि आता इथेच शिकवत होता. त्याच्या बोलण्यात अर्धी हिंदी, अर्धी तिकडची झाडीबोली. दुसऱ्या दिवशी तो आला तो खिशातून चिंचेचे दोन हिरवे आकडे काढतच.

"दीड किलोमीटरवरून आणले. सबूत म्हणून. झाड आहे तिथे."

"सरकारी खूण तोडली तुम्ही."

"धुरपताबाईंना विचारून तोडली. झाड त्यांच्या बांधावर आहे. त्या म्हणाल्या, त्या पोरीले देजो, लय आंबट तोंड करून बसते."

धुरपताबाई म्हणजे कार्यालय झाडायला येणाऱ्या बाई. असं त्या म्हणाल्या असतील यावर चेतनाचा विश्वास बसेना. पण चिंच मात्र तिने मीठ लावून खाल्ली.

मग रोजच व्हायला लागलं. साडेसातला जिना वाजायचा. त्याच्या डब्यात कधी घावनासारखा अक्सा असायचा, कधी नुसते भिजवलेले चणे. बोलणं सगळं धुक्याचंच.

"टॉवर स्वतःहून का नाही देत ही परवानगी?" एकदा तिने विचारलं.

"नियमच आहे. वर जायची गरज कोणाला? मला. मग मीच मागायचं. टॉवर हो म्हणेल नाही तर नाही म्हणेल. आपण होऊन नाही विचारणार, की बाबा, जातोस का."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर चहा." त्याने कपात पाहिलं. "पण मागितल्याशिवाय तं काहीच नाही मिळत ना, मॅडम."

"मग... मागत जावं माणसानं," ती म्हणाली, आणि नोंदवहीत उगाचच एक तारीख गिरवत राहिली.

त्या दिवसांत कधीतरी तिचं डोळे मिटणं सुटलं. तो समोर असताना डोळे मिटून उभं राहायला तिला लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर तेवढे वीस आकडे तिला परवडतही नव्हते.

जानेवारीत सलग तीन दिवस धुई पडली. एक विमान तपासणीसाठी नागपूरला न्यायचं होतं आणि ते काम धनेंद्रकडे होतं. चौथ्या दिवशी पावणेआठला तो आला, पण जिन्याच्या मधल्याच पायरीवर थांबला.

"आज जमलं तर दुपारी परत येतो. आलो की... एक परवानगी मागायची आहे."

"टॉवरकडे?"

"नाही. टॉवरच्या खालच्या खोलीत."

टॉवरच्या खालची खोली तिची होती. तो उतरून गेला. मफलरचं एक टोक कठड्याला अडकलं, त्याने न बघताच सोडवलं.

आठ वाजता चेतनाने पाहिलं. पिशवी दिसली. टाकी पुसट, आहे-नाहीशी. आणि टाकीच्या उजवीकडे, तिच्या रोजच्या जागेवर, काळसर गोल घेर... दिसला. दिसला ना? दिसला. तिने पंधराशे लिहिलं आणि टॉवरला कळवलं. खालच्या स्पीकरवर धनेंद्रचा आवाज आला, त्याने स्पेशल व्हीएफआर मागितलं, त्याला मिळालं. छोटं पांढरं विमान धावपट्टीवरून पळालं आणि पांढऱ्यात शिरलं. आवाज तेवढा उरला. मग तोही गेला. तळ्याकडून सारसाची जोडी ओरडली.

सव्वाआठला धुरपताबाई आल्या. पदर डोक्यावरून गालापर्यंत ओढलेला.

"आज उशीर?" चेतनाने विचारलं.

"चिंच पडली ना बाई माही. काल सांजी. जडातून पोकर झालती. आवाज नाही का काही नाही, म्हतारं माणूस खाली बसते तशी बसली. रात्रभर झोप नाही मले."

चेतनाने आठच्या नोंदीवर बोट ठेवलं.

"कोणती चिंच?"

"कोणती म्हणजे? माही एकच तं होती. तुमची बी तेच ना."

तेवढ्यात स्पीकर खरखरला. धनेंद्र. नागपूरलाही धुकं दाट झालं होतं, तो परत वळला होता आणि उतरण्यासाठी स्पेशल व्हीएफआर मागत होता. आवाज शांत होता. पंधराशे आहे हे त्याला माहीत होतं ना, त्या भरवशावर शांत होता. इंटरकॉम वाजला. टॉवरमधले साहेब विचारत होते, "मॅडम, पंधराशे कायम ना?"

त्या एका श्वासात तिच्या मनात काय काय येऊन गेलं. आता कमी झालं म्हटलं असतं तर कोणालाच कळलं नसतं. धुकं वाढतं, कमी होतं, त्यात कोण कोणाला विचारणार? पण मग धनेंद्रने समजायचं की आठला मोकळं होतं, म्हणजे धुकं ये-जा करतंय. एखादी फट मिळेल म्हणून तो खालीच घिरट्या घालत राहिला असता. टाकीच्या उंचीला. तारांच्या उंचीला.

"एक सेकंद, सर." ती खिडकीशी धावली. "धुरपताबाई, तुम्हाला काय दिसतं?"

"काय दिसन बाई? ते पिशवी दिसते."

"टाकी?"

"कोठची टाकी?"

चेतना फोनपाशी आली. "सर, चारशे. आणि आठचा आकडा चूक होता. पंधराशे नव्हतंच. चिंच काल संध्याकाळीच पडली आहे. मी... नसलेलं झाड कळवलं. त्याला सांगा, खाली येऊ नको."

साहेबांनी जसंच्या तसं धनेंद्रला सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. धुरपताबाईंनी न विचारता चेतनाचा हात धरला, त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता.

"समजलं," धनेंद्रचा आवाज आला. "वर जातो."

पुढची सात मिनिटं. तिने पुढे आयुष्यात बरंच काही सोसलं, बाळंतपणसुद्धा, पण ती सात मिनिटं तिला कशाशीच तोलता आली नाहीत.

"टॉवर, मी धुक्याच्या वर आहे. इंधन दोन तासांचं." मग तो थांबला. "टॉवर... तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसून राहिल्या आहेत. फक्त चिमण्या. बाकी जिल्हा नाहीच."

टॉवरमधले साहेब एक शब्द जास्त झाला तरी झापणारे. ते म्हणाले, "पुढे सांगा."

"सगळं पांढरं आहे, सर. गोंदिया नाही, नदी नाही, रेल्वे नाही. देवरीकडचे डोंगर बेटांसारखे वर आले आहेत. ऊन पडलंय. आणि खाली धुक्यावर माझ्या विमानाची सावली आहे... तिच्या भोवती इंद्रधनुष्याचं गोल कडं. मी वळलो की तेही वळतं. इतक्या वर्षांत असं कधी नाही पाहिलं." पुन्हा खरखर. "खालच्या खोलीत ऐकू जात असेल, तर त्यांनाही सांगा."

खालच्या खोलीत ऐकू जात होतं. चेतना भिंतीला टेकून उभी होती. मरता मरता वाचलेला माणूस वरून काय दिसतं ते तिला सांगत होता. भीतीच्याच जागी आता काहीतरी प्रचंड, पांढरं, उजळ भरून आलं होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते तिला कळत नव्हतं. आपण ज्याला संकट म्हणतोय त्याची दुसरी बाजू अशी असते? रोज? कोणी बघायला नसतानाही?

मग ती गच्चीवर गेली आणि धुरपताबाईंनाही घेऊन गेली. दर दहा मिनिटांनी डोळे मिटले, वीस मोजले, उघडले. आधी धुरपताबाईंनी बोलायचं, मग तिने. पावणेदहाला टाकी आली. सव्वादहाला बांध्यांपलीकडे, जिथे घेर असायचा तिथे, नुसतं आभाळ दिसलं. आणि त्याच्या खाली आडवा बुंधा, वर आलेली मुळं.

"पडली आहे ते दिसते," धुरपताबाई म्हणाल्या. "माही बकरी बी दिसते बाजूले."

"मलाही दिसते," चेतना म्हणाली, आणि कळवलं. पंधराशे. आडवी.

त्याने मागितलं. त्याला मिळालं. धुक्याच्या शेवटच्या चिंध्यांतून विमान खाली आलं, एकदा उसळलं आणि टेकलं.

तो आला तेव्हा जिन्यावर न चढता पहिल्याच पायरीवर बसला. ती दोन पायऱ्या वर बसली.

"नोकरी जाईल कदाचित," ती म्हणाली. "जायलाच हवी. मी तुम्हाला..."

"कमी झालं म्हणाली असतीस, तर मी टाकीपाशी फट शोधत बसलो असतो. ते मला वर गेल्यावर कळलं." त्याच्या तोंडून पहिल्यांदाच एकेरी गेलं, आणि दोघांच्याही ते उशिरा लक्षात आलं. "एक सांग. नसलेलं झाड दिसलं कसं तुला?"

तिने खूप वेळ पायरीवरचा गंज नखाने खरवडला.

"तुम्ही दुपारी परत येणार होतात ना... म्हणून."

तो वळला. चेहरा थंडीने लाल, डोळ्यांत अजून वरचं ऊन.

"डोळे मिट," तो म्हणाला. "वीस मोज. मग बघ, मी दिसतो का. सवयीने नको सांगू."

तिने मिटले. मोजलं. तो काहीच बोलत नव्हता, हलतही नव्हता. चौदाला तिला भीती वाटली. अठराला जास्त. वीसला उघडले.

"दिसता."

"किती लांब?"

"दोन फूट."

"एवढ्या अंतरावर परवानगी मिळते?"

"नियम तुम्हीच सांगितला होता," ती म्हणाली. "आपण होऊन कोणी देत नाही."

मग त्याने मागितलं. साध्या शब्दांत, थोडं हिंदीत, थोडं अडखळत. आणि तिला मिळाल्यासारखं वाटलं, देताना.

मेमो आला. महिनाभर पुन्हा प्रशिक्षण झालं, नोकरी राहिली. उदेभानकाका आपल्या गावाहून, दवनीवाड्याहून, मुद्दाम पडलेली चिंच पाहायला आले. बुंध्यावर हात ठेवून उभे राहिले. चेतनाने मान खाली घालून माफी मागितली, तर म्हणाले, "मले कसं मालूम होतं म्हणून वाटलं तुले? मी बी एकदा न पायताच पायली होती, पोरी. हेच चिंच. तवा ते धुईत खरंच उभी होती इतकंच." पुढे त्यांनी ते कधी काढलं नाही. लग्नात मात्र अक्षता टाकायला सगळ्यांत पुढे होते.

आता चेतना आणि धनेंद्र दूरच्या एका शहरात राहतात. तो मोठी विमानं उडवतो. त्यांची सोनू दीड वर्षाची आहे, आणि रात्री तिचा श्वास चालू आहे का हे चेतना नुसतं पाहत नाही, नाकाखाली बोट धरते. धनेंद्र चिडवतो. चिडवू दे.

गावी एकटेच राहणारे उदेभानकाका दर रविवारी फोन करतात. या रविवारी आला नाही. तिने लावला, वाजत राहिला. शेजाऱ्यांना लावला. ते म्हणाले, "हाव ना, बसले आहेत ओट्यावर. धुईतून दिसले मले, लांबून."

लांबून. धुईतून. रोजच्या जागेवर.

सोनूला ताप आहे, धनेंद्र उद्या रात्रीपर्यंत परतत नाही, आणि तिला निघता येत नाही. म्हणून तिचं एक मागणं आहे. तुम्ही गोंदियाकडचे असाल, दवनीवाड्याकडे जाणं होत असेल, तर जरा वळा. निळं दार, ओट्यावर दोरीची खाट, खिडकीत पालथा कप. खाट दिसली म्हणजे माणूस दिसलं असं समजू नका. जवळ जा. "काका" म्हणून हाक मारा. ते काही बोलले, रागावले तरी चालेल, की मगच तिला कळवा, दिसले म्हणून.