म्हाताऱ्याने सेव्ह केलेली सेटिंग

लाइट गेले की काकांना भुतं आठवतात. एरवी टीव्ही पुरतो.

"थाप नाही. माझ्या हाताखालच्या टेक्निशियनबरोबर घडलंय."

हाताखालचा म्हणजे ज्याच्या गळ्यात काम घालून काका साडेपाचला घरी यायचे, तो.

हॉस्पिटलच्या नेटवर्कचा रात्रपाळीचा म्हातारा ऑपरेटर खुर्चीतच गेला होता. उभी हयात त्या थंड खोलीत एकटा. नेट बंद पडलं तरच लोकांना तो आठवायचा. टेक्निशियनला स्विचमध्ये, म्हणजे नेटच्या सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यात, दोन बदल करायचे होते : आयसीयूचे मॉनिटर नव्या पोर्टवर, म्हणजे वायरीच्या नव्या खाचेवर, घ्यायचे आणि म्हाताऱ्याचं लॉगिनचं खातं काढून टाकायचं. बदल लगेच लागू होतो, पण सेव्ह केला नाही तर वीज जाताच पुसला जातो. म्हणून ही माणसं आधी सगळं नीट चालतंय का बघतात, मग सेव्ह करतात.

बुधवार. रात्री पावणेबारा. त्याने बघितलं, सगळं ठीक. तेवढ्यात बायकोचा फोन आला. बोलता बोलता गडी कुलूप लावून निघाला.

अर्ध्या रस्त्यात वीज गेली.

तेव्हा आठवलं. सेव्ह केलंच नाही.

"खोलीला बॅटरी नव्हती?" ताईने विचारलं.

"बिघडली होती. दुरुस्तीचा अर्ज माझ्या टेबलावर पडून होता."

"वा, काका."

तो उलटा पळाला. आयसीयूत सात पेशंट, आणि बदल पुसला गेला म्हणजे त्यांचे मॉनिटर बंद. जनरेटर सुरू झालेला. कुलूप जसंच्या तसं. आत... कुणी नाही. स्विच नुकताच बंद होऊन चालू झालेला. त्याने सेटिंग उघडली.

मॉनिटर नव्या पोर्टवरच. सगळे चालू.

वर ओळ होती. शेवटचं सेव्ह, वीज जाण्याआधी मिनिटभर. करणारा... म्हातारा.

त्याने खात्यांची यादी पाहिली. म्हाताऱ्याचं नाव नव्हतं.

"म्हणजे स्वतःचं नाव पुसलेलं त्यानेच..." ताई थांबली.

"सेव्ह करताना सगळंच सेव्ह होतं, बाळ."



"त्या म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेला गेला होतात?" मी विचारलं.

"ऑफिस होतं..."

"किती जण होते?"

काकांनी मेणबत्ती जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला नाव देतात. कुठली वायर कुणाची ते कळावं म्हणून. शेवटचा पोर्ट रिकामा. वायरच नाही. त्या रात्रीपासून तिथे इंग्रजी अक्षरांत दोन मराठी शब्द आहेत."

"काय?"

"...येत जा."